८८ ची बाटली: थायरॉइडच्या गोळीबद्दल एका एसटी कंडक्टरचा रिव्ह्यू

लेव्होथायरॉक्सिन, ८८ मायक्रोग्रॅम, १२० गोळ्यांची बाटली. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशी बरीच नावं बाजारात आहेत, आतलं औषध एकच. पण माझा रिव्ह्यू वाचून कुणी आपली चालू असलेली कंपनी सोडली आणि माझी आणली, तर त्या माणसाची बसलेली घडी विस्कटायची. तसं का होतं, हेच मला इथे सगळ्यात जास्त सांगायचं आहे. या गोळीचे चांगले-वाईट अनुभव लोक सांगतात ना, त्यातले निम्मे गोळीचे नसतातच. ती कधी घेतली, कशाबरोबर घेतली, त्याचे असतात.

मी बार्शी आगारात कंडक्टर आहे. वय पंचेचाळिशीच्या आसपास. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा संध्याकाळची. पहिल्या पाळीला पुण्याची पहाटेची गाडी असली की साडेतीनला उठावं लागतं. संध्याकाळच्या पाळीत कॅश जमा करून घरी पोचायला अकरा वाजतात. हे आधी सांगते, कारण गोळीच्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘सकाळी अनशापोटी’ असं लिहिलेलं असतं आणि आमची सकाळ दर आठवड्याला बदलते.

दुखणं सुरू झालं तेव्हा ते दुखणं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. पाय सुजायचे, तर सगळे म्हणायचे दिवसभर उभं राहून सुजतातच. थंडी वाजायची. डिसेंबरात टेंभुर्णीला गाडी थांबली की बाकीचे प्रवासी खाली उतरून चहा प्यायचे आणि मी स्वेटरवर शाल घेऊन पुढच्या सीटवर बसून राहायची. पोट साफ व्हायचं नाही. मासिक पाळीत अंगावरून इतकं जायचं की त्या दिवसांत रजा टाकावी लागायची. हिमोग्लोबिन साडेआठवर आलं होतं.

पण मला खरी धास्ती बसली ती आवाजाने. कंडक्टरचं अर्धं काम गळ्यावर चालतं. ‘पानगाव, पानगाव, चला दाराजवळ या’ म्हणायला गेलं की आवाज भरड निघायचा, जड, माझा नसल्यासारखा. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसांना ऐकूच जायचं नाही आणि ती वैरागला जाऊन पोचायची. धुळीने घसा बसला म्हणून हळद-दूध, मध-आलं सगळं झालं. त्यातच उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. दहाच्या दोन चिकटलेल्या नोटा बोटांना वेगळ्या कळत नव्हत्या. तिकिटाच्या मशीनचं बटण दाबलं की नाही ते आवाजावरून ओळखायचं. रात्री हात झटकत उठायची मी.

हे सगळं एकाच गोष्टीचं असेल हे गावातल्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. भुवया बघितल्या त्यांनी. बाहेरच्या बाजूचे केस विरळ झाले होते. टीएसएच ही रक्ताची तपासणी करायला सांगितली आणि रिपोर्ट आला ३८. प्रयोगशाळेच्या कागदावर बरोबर असलेली हद्द साधारण ०.४ ते ४ अशी छापलेली असते, म्हणजे विचार करा. दुसरी एक तपासणी, अँटी-टीपीओ, तीही खूप वाढलेली. आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा थायरॉइडच्या ग्रंथीवर उलटते, तो आजार. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन लिहिलं, म्हणून त्यांचंच नाव. माझी थोरली बी. फार्म.ला आहे, हे सगळं ती मला समजावून सांगते. बोटांचंही तिनेच सांगितलं: थायरॉइड कमी पडलं की मनगटात सूज धरते आणि तिथून जाणारी नस दाबली जाते.

टीएसएचबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती थायरॉइडला ‘काम कर’ म्हणून जो हुकूम पाठवते तो टीएसएच. थायरॉइड कमी पडलं की हुकूम वाढत जातो. म्हणून आकडा जास्त म्हणजे थायरॉइड कमी, आणि आकडा फार खाली म्हणजे शरीरात औषध जास्त. आमच्या डेपोतल्या दोघी-तिघी अजूनही रिपोर्ट उलटा वाचतात आणि उगाच घाबरतात.

तर गोळी सुरू झाली. आधी २५, मग ५०. त्याच सुमाराला पाळीच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली. एका चिठ्ठीवर लिहिलेलं ‘सकाळी १’. दुसऱ्या चिठ्ठीवरही ‘सकाळी १’. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर. पण लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर लागतं. हे त्या दोन्ही कागदांवर कुठेही नव्हतं, आणि औषधाच्या दुकानातही कुणी बोललं नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकाच काउंटरवर ठेवल्या होत्या.

टीएसएच उतरला, पण पायऱ्या मोजत. ३८ वरून १७. डोस ७५ केला, १४. मग १००, तरी ९ च्या वर. मग १२५. दर वेळी डॉक्टर कागद बघून डोस वाढवायचे, आणि कागद बघितला तर ते बरोबरच होतं. बधिरपणा थोडा कमी झाला होता, पायाची सूज उतरली होती, पण थकवा जायला तयार नव्हता. सासूबाई म्हणायला लागल्या की या गोळ्यांची सवय लागली, आता कितीही खाल्ल्या तरी लागू पडणार नाहीत. त्यांना सांगून पटलं नाही, पण इथे लिहिते: या गोळीची सवय लागत नाही. ग्रंथी जे बनवायची तेच आपण बाहेरून घेतो. आजार आयुष्यभराचा म्हणून गोळीही आयुष्यभराची, एवढंच.

शेवटी सोलापूरला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेले. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना. त्यांनी माझं वजन केलं, ५८ किलो, आणि कागदावर एक गुणाकार मांडला. ग्रंथी जवळजवळ बंद पडलेल्या मोठ्या माणसाला किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ५८ गुणिले १.६ म्हणजे ९३ च्या आसपास. मग म्हणाले, “ताई, तुम्ही १२५ घेताय आणि टीएसएच अजून वर आहे. म्हणजे गोळी आणि रक्त यांच्यामध्ये कुठेतरी गळती आहे. आता मला तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून.”

मी सांगितला. साडेतीनला उठणं, तोंड धुणं, तीन गोळ्या, चहा, डबा, डेपो. तीन गोळ्या म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “कुठल्या तीन?”

बाकी सगळं त्या प्रश्नातून निघालं. पुढचं थोडं सविस्तर लिहिते, कारण शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना हे कुठे वाचायला मिळत नाही. पोलीस, नर्सबाई, साखर कारखान्यातले कामगार, सगळ्यांना लागू आहे.

मला वाटत होतं गोळीची वेळ घड्याळाप्रमाणे पाळावी लागते, म्हणजे रोज सहा तर रोज सहा. डॉक्टर म्हणाले, घड्याळ सोडा, पोट धरा. हे औषध शरीरातून इतकं हळू जातं की त्यातलं निम्मं संपायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे आज साडेतीनला घेतली आणि पुढच्या आठवड्यात सातला घेतली, तर रक्तातल्या पातळीला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पोटात दुसरं काही असण्याने. उठलं की साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॉफी पिणाऱ्यांनी तर हे नक्कीच पाळावं, कॉफीने गोळी कमी शोषली जाते.

त्यांनी दुसरा पर्यायही दिला होता: रात्री झोपताना, जेवून तीन तास झाल्यावर. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली हे तपासून प्रसिद्ध केलंय आणि रात्रीची गोळी तिथे चांगली लागू पडली होती. ज्यांचं जेवण आठला होतं आणि झोप अकराला, त्यांना हे फार सोयीचं. माझं संध्याकाळच्या पाळीचं जेवणच सव्वाअकराला, म्हणून मी उठल्याबरोबरचा पर्याय घेतला. आता साडेतीनला डोळे उघडले की पहिलं पाणी आणि गोळी. मग आंघोळ, युनिफॉर्म, भाकरी थापणं. चहा होईपर्यंत पाऊण तास सहज जातो. लोहाची गोळी चालू होती तोवर ती दुपारच्या डब्यानंतर, कॅल्शियम रात्री. घरात ज्यांना ॲसिडिटीची रोजची गोळी चालू आहे त्यांनीही डॉक्टरांना आवर्जून सांगावं, तिनेही थायरॉक्सिनचं शोषण कमी होतं. डोस तिच्यासकट ठरवावा लागतो.

डोस मात्र त्यांनी लगेच बदलला नाही. म्हणाले, आता ही १२५ पूर्ण लागायला लागेल, कदाचित जास्तही होईल. सहा आठवड्यांनी टीएसएच करा, पण त्याआधी छातीत धडधडलं, हात थरथरले, झोप उडाली तर थांबू नका, लगेच या.

महिना व्हायच्या आतच धडधडायला लागलं. आधी वाटलं गाडी खड्ड्यातून चालली आहे म्हणून. वडाळ्याला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तरी छातीतलं थांबेना. प्रवाशाला सुटे पैसे देताना नाणी हातातल्या हातात वाजत होती. रात्री दीड वाजता टक्क जागी. घाम. वजन उतरलं, त्याचं घरात कौतुक झालं, पण मला ते चांगलं लक्षण वाटलं नाही. गेले तशीच सोलापूरला. ईसीजी काढला, तो नीट होता. टीएसएच ०.०८.

तोच डोस, तीच कंपनी, तीच बाटली. काही आठवड्यांपूर्वी जी १२५ कमी पडत होती, तीच आता जास्त झाली होती, फक्त लोह आणि कॅल्शियमची वेळ बदलल्यामुळे. ज्यांना वाटतं की थायरॉइडची गोळी जास्त झाली तर काय बिघडतं, उलट वजन उतरेल, त्यांना कळकळीने सांगते, असं करू नका. जास्त डोस दीर्घकाळ चालला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं झिजतात, त्यातही पाळी गेलेल्या बायकांची जास्त. वजन कमी करायला म्हणून ही गोळी कुणाकडून मागून घेणारी माणसं मी बघितली आहेत.

१२५ ची १०० झाली. धडधड थांबली, पण टीएसएच अजून थोडा खालीच. मग ८८. त्या आकड्यावर २.१ आला आणि पुढच्या तपासणीतही तिथेच राहिला. पहिल्या दिवशी कागदावर मांडलेल्या गुणाकाराच्या अगदी शेजारी येऊन थांबला डोस. २५, ५०, ७५, १०० हे डोस सगळ्यांना माहीत असतात, पण मध्ये ६२.५, ८८, ११२, १३७ असेही मिळतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ‘७५ कमी पडते आणि १०० जास्त होते’ असं ज्यांचं चाललं आहे, त्यांनी डॉक्टरांना ८८ बद्दल जरूर विचारावं.

एवढ्या लहान फरकाने काय होतं असं वाटेल. पण औषधच तसं आहे. कमी आणि जास्त यांच्यामधली वाट फार अरुंद. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये याच गोळीसाठी नियम कडक केले: लिहिलेल्या डोसाच्या ९५ ते १०५ टक्के औषध मुदत संपेपर्यंत गोळीत असलंच पाहिजे. आणि फ्रान्समध्ये २०१७ साली तिथल्या मुख्य कंपनीने गोळीतलं औषध तेच ठेवून फक्त बाकीचा भरणा बदलला, लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड, तर हजारो लोकांनी त्रासाच्या तक्रारी केल्या. थोरलीने हे सांगितलं तेव्हा मला कंपनी न बदलण्याचं महत्त्व पटलं.

आपल्याकडे मात्र काउंटरवर सर्रास बदलतात. एकदा माझ्या कंपनीची बाटली संपली होती तेव्हा दुकानात ह्यांच्या हातात दुसरीच दिली, ‘तेच आहे, फरक नाही’ म्हणून. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी घाबरवलं नाही. दुसरी कंपनीही चांगली असते, ती घेतली तरी चालेल, पण मग तिच्यावरच राहा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा, असं म्हणाले. दर महिन्याला जी मिळेल ती, असं नको. मी बाटली परत केली आणि माझीच मागवून घेतली.

सहा ते आठ आठवडे हा आकडाही पक्का धरा. डोस बदलला की पंधराव्या दिवशी रक्त देणारे खूप आहेत, मला डेपोतच चार-पाच दाखवता येतील. औषधाची नवी पातळी बसायलाच महिन्याच्या वर जातो, त्यानंतर पिट्युटरी तिची दखल घेणार. पंधरा दिवसांच्या रिपोर्टवर डोस बदलला की तो नुसता वरखाली होत राहतो, ताळा कधी लागत नाही. रक्त देताना मी शक्यतो एकच लॅब, सकाळची एकच वेळ पाळते, आणि त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घेते. टीएसएच दिवसभरात खालीवर होत असतो, पहाटे जास्त आणि दुपारी कमी, म्हणून वेळ सारखी असलेली बरी.

बायकांसाठी आणखी एक. केस गळतात म्हणून पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन बायोटिनच्या गोळ्या सुचवतात. केस तर थायरॉइडनेच गळत असतात. ते बायोटिन बऱ्याच लॅबच्या मशीनला फसवतं, टीएसएच खोटाच कमी दाखवतं. मी घेत होते ते मला डॉक्टरांनी रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस बंद करायला लावलं.

आता बाटलीविषयी, म्हणजे अर्ध्या ताऱ्याविषयी. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी. बाटली तिरपी केली की एकीऐवजी तीन-चार घरंगळतात, आणि बोटं बधिर असलेल्या माणसाला त्या परत आत टाकणं सोपं नाही. हा आजारच बोटं बधिर करणारा, तेव्हा झाकणातून एकेक गोळी निघेल अशी सोय हवी होती. दुसरं, १२० सुट्या गोळ्यांमध्ये आज घेतली की नाही ते कळायला मार्ग नाही. साडेतीन वाजता अर्धवट झोपेत घेतलेली गोळी पाच वाजता आठवत नाही. पट्टीत ते कळतं. मी यावर उपाय केलाय: गोळी घेतली की बाटली उलटी, झाकणावर उभी करून ठेवते. रात्री झोपताना सरळ करते. सकाळी उलटी दिसली तर घेतलेली आहे. घरातल्या सगळ्यांना ताकीद आहे, पुसायला म्हणूनसुद्धा त्या बाटलीला हात लावायचा नाही. एखादी खरंच राहिलीच, तर माझ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायला सांगितलंय. औषध हळू जाणारं असल्यामुळे ते चालतं. पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नये.

तिसरं, माझ्याकडच्या सगळ्या डोसांच्या गोळ्या दिसायला सारख्याच, पांढऱ्या. घरात १२५ ची अर्धी बाटली, १०० ची पाव बाटली आणि नवी ८८, अशा तिघी एका फळीवर नकोच. जुन्या मी लगेच काढून टाकल्या आणि नवीच्या झाकणावर मार्करने मोठ्ठं ८८ लिहिलं. लेबलवरची अक्षरं चष्मा लावूनही वाचवत नाहीत.

ठेवायची कुठे, हाही आमच्याकडे प्रश्नच. उन्हाळ्यात बार्शी चाळिशी पार करते. या गोळीला उष्णता, दमट हवा आणि उजेड, तिन्ही चालत नाहीत. गॅसच्या ओट्यावरचं कपाट नको, देवळीत ऊन येत असेल तर तीही नको. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, आतून थंड काढलेल्या बाटलीत दमटपणा धरतो असं थोरलीचं म्हणणं. माझी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात असते. बाटलीत ओल टिपणारी छोटी पुडी असते, ती टाकून देऊ नका. ड्यूटीच्या बॅगेत पूर्ण बाटली मी कधीच नेत नाही. बॅग दिवसभर इंजिनाशेजारी तापते.

किमतीला मात्र पूर्ण तारे. रोजचे साधारण दोन रुपये धरा. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे किमतीवर सरकारची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या केंडल नावाच्या शास्त्रज्ञांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं, तेही डुकरांच्या ग्रंथींमधून, ढिगाने ग्रंथी गोळा करून. त्याआधी १८९१ मध्ये इंग्लंडच्या मरे डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं होतं. १९२७ साली थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता आलं. आज ते माझ्या हाताशी चहापेक्षा स्वस्तात आहे, याचं मला दरवेळी बाटली घेताना खरंच समाधान वाटतं. आणि हे लागणारे लोक थोडे नाहीत. २०१३ मध्ये आपल्या देशातल्या आठ शहरांच्या पाहणीचे निकाल आले, त्यात मुंबई आणि गोवाही होते. तपासलेल्या मोठ्या माणसांत जवळजवळ ११ टक्क्यांना थायरॉइड कमी असल्याचं निघालं. आमच्या पन्नास-पंचावन्न माणसांच्या गाडीत पाच-सहा जण तरी असणार, असं मी धरून चालते.

गोळीने काय झालं आणि काय नाही, तेही प्रामाणिकपणे सांगते. आवाज आला. डोस जमून दोन-अडीच महिने झाले असतील, वैरागला स्टँडात गर्दीत मी ‘बार्शी, बार्शी’ ओरडले आणि पार पलीकडच्या फलाटावरची बाई पिशवी उचलून पळत आली. त्या दिवशी ड्रायव्हरदादांनीही आरशातून मागे बघितलं. बोटांना नोटा वेगळ्या कळायला लागल्या. थंडी पळाली. पाळी ताळ्यावर आली आणि त्यामुळे हिमोग्लोबिनही वर चढलं, आता लोहाची गोळी बंद आहे. कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, तेही थायरॉइड सुधारल्यावर बरंच उतरलं. वजन मात्र दोन-तीन किलोच कमी झालं, आणि तेही सुजेचं पाणी होतं. गोळीने वजन झरझर उतरेल ही आशा धरू नका. केस गळायचे थांबायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहाटेच्या पाळीच्या आठवड्यात थकवा अजूनही येतो, पण तो झोप कमी झाल्याचा, हे मला आता ओळखता येतं. रविवारी झोप झाली की जातो. आधीचा जात नव्हता.

पथ्याचे प्रश्न मला फार विचारतात. कोबी-फ्लॉवर शिजवून खाते, काही होत नाही. मीठ साधं आयोडीनयुक्त, नेहमीएवढंच. जास्त आयोडीन म्हणून वेगळं काही घेत नाही, हाशिमोटोत त्याने उलट बिघडू शकतं. सोयाबीनच्या वड्या खाते, पण गोळीच्या जवळपासच्या वेळेत नाही.

आणि ज्या मुली बाळाचा विचार करताहेत त्यांनी माझ्या ८८ कडे बघूच नका. दिवस राहिले की डोसाची गरज वाढते, आणि सुरुवातीचे काही महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं. पाळी चुकल्याचं कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. वय झालेल्या किंवा हृदयाच्या रुग्णांना तर सुरुवातच २५ किंवा १२.५ पासून करतात आणि हळूहळू चढवतात. सत्तरीच्या माणसाचा टीएसएच तरुणांपेक्षा थोडा वर असला तरी डॉक्टर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात.

उपलब्धतेबद्दल: ५० आणि १०० बार्शीत कुठल्याही दुकानात मिळते. ८८ सहसा शिल्लक नसते, सांगून ठेवावी लागते. बाटलीत दहा-बारा गोळ्या उरल्या की दुकानात कंपनीचं नाव आणि डोस दोन्ही कागदावर लिहून द्या. सोलापूरहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत येते. घेताना मुदत बघा, वर्षभराची तरी शिल्लक असावी. १२० गोळ्या चार महिने पुरतात.